डाव्या हाताची अक्षरं

१

सकाळची बॅच दहाला सुटली की बाई सगळ्या कीबोर्डांवरून कोरडं फडकं फिरवत, खुर्च्या टेबलांखाली सारत, बाहेरच्या दाराला आतून कडी घालत आणि बरोबर अकराला आतल्या खोलीत लेकीच्या संगणकासमोर जाऊन बसत. चार महिने हा नेम चुकला नव्हता.

बाई म्हणजे टायपिंगच्या बाई. पस्तीस वर्षं त्यांनी माणसांना दहा बोटांनी टाइप करायला शिकवलं, आधी खडखडणाऱ्या यंत्रांवर, मग संगणकांवर. आसपासच्या निम्म्या कचेऱ्यांत त्यांनी घडवलेली बोटं पोटं भरत होती. शिकवणं कडक. बोटांकडे बघून टाइप करणं म्हणजे पावलांकडे बघून चालणं, असं त्या म्हणत. माणूस पोचतो, पण वाटेत खांबाला आपटून. पाठमोऱ्या उभ्या राहूनही कुणाचं कुठलं बोट चुकलं हे त्या नुसत्या आवाजावरून सांगत.

लेक एकुलती एक. खारीसारखी चळवळी म्हणून घरात तिला खारू म्हणत. ती चार वर्षांची असताना वडील गेले आणि मग घरात या दोघीच उरल्या. मोठी झाल्यावर ती एका ग्रंथालयाचे सर्व्हर सांभाळायची. एका मंगळवारी दुपारी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या सर्व्हरच्या थंडगार खोलीत खुर्चीतल्या खुर्चीत गेली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, डॉक्टर म्हणाले. एका क्षणात खेळ आटोपला, तिला काही कळलंसुद्धा नसेल. बाईंनी तेवढं एक वाक्य घट्ट धरून ठेवलं होतं. दिवसातून दहा वेळा त्या ते मनाशी म्हणत. काही कळलंसुद्धा नसेल.

महिन्याभरानं मिस्त्री घरी आले. ते काही खरे मिस्त्री नव्हते. खारूचे वरिष्ठ होते, पण खिशात कायम स्क्रूड्रायव्हर, म्हणून तिनं ठेवलेलं नाव ऑफिसभर रूढ झालं होतं. त्यांनी खिशातून नखाएवढा पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"यात फोटो नाहीत, बाई. आवाजही नाही," ते म्हणाले. "आमचं काम काळ्या पडद्यावर चालतं. माउस नाही, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. त्याला टर्मिनल म्हणतात. ती जे जे करायची ते रेकॉर्ड करून ठेवायची, मागून येणाऱ्याला शिकता यावं म्हणून."

"म्हणजे व्हिडिओ?"

"नाही. व्हिडिओत पडद्याचं चित्र असतं. यात फक्त कुठलं अक्षर आलं आणि आधीच्या अक्षरानंतर किती वेळानं आलं, एवढीच नोंद. चालू केलं की अक्षरं त्याच वेगानं पुन्हा उमटतात. ती चुकली तिथं चुकतात, तिनं खोडलं तिथं खोडली जातात. ती विचार करत थांबली असेल तर पडदाही थांबतो." मिस्त्री जरा घुटमळले. "दुसऱ्या कुणाच्या आईकडे मी हे आणलं नसतं. तिला काय कळणार. पण तुम्हाला यात तिचा हात दिसेल."

बाईंनी पेनड्राइव्ह मुठीत धरला. उन्हातून आलेला होता, कोमट लागला.

"दोनशे तेरा आहेत," दारातून मिस्त्री म्हणाले. "शेवटचं बघू नका. त्या दिवशीचं आहे. पहिली दोन मिनिटं काम आहे, पुढं एकोणचाळीस मिनिटं काहीच नाही. मी जेवून परत येईपर्यंत ते तसंच चालू राहिलं होतं."

२

मिस्त्री म्हणाले ते खोटं नव्हतं. पहिल्याच रेकॉर्डिंगच्या पहिल्या ओळीत बाईंना लेकीचा हात दिसला.

आज्ञा कसल्या होत्या ते त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण अक्षरं कशी येतात ते कळत होतं. खारूची डावी करंगळी लहानपणापासून आळशी. करंगळीच्या वाट्याचं 'ए' हे अक्षर तिच्या हातून कायम केसभर उशिरा पडे. बाकीच्या बोटांची धावाधाव आणि करंगळी आपली लग्नाला उशिरा निघालेल्या आत्याबाईसारखी मागून येणार. काळ्या पडद्यावर अक्षरं भराभर उमटत होती आणि दर वेळी 'ए' आलं की ते इवलंसं अडखळणं. बाईंना वाटलं, ती शेजारच्या खोलीत बसलीय आणि दाराची फट उघडी राहिलीय.

मध्येच ती काहीतरी गमतीचं लिही. ज्या ओळीच्या सुरुवातीला जाळीसारखं एक चिन्ह असतं ती ओळ यंत्र वाचत नाही, ती माणसांसाठी असते, असं मिस्त्रींनी सांगितलं होतं. त्या ओळींत खारू इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. 'ही ओळ यंत्र वाचत नाही. साहेबही वाचत नाहीत. तेव्हा मोकळेपणानं बोलूया.' 'इथं चुकलात तर मिस्त्री ओरडतील. ओरडू द्यावं, चहा पाजावा, पुन्हा चुकू नये.' 'पाठ दुखतेय. आई म्हणते ताठ बस. आईला कुणी सांगू नये.'

बाई एकट्याच हसत. मग हसल्याची लाज वाटून उगाच पदरानं पडदा पुसत.

रोज दोन, कधी तीन. साठवणीतलं काही जपून खावं तशा त्या बघत. तरी कधीतरी संपायचंच होतं. चौथ्या महिन्याच्या सुरुवातीला दोनशे बारावं संपलं आणि उरलं ते एकच.

३

ते न बघण्याचा निश्चय तीन दिवस टिकला.

चौथ्या दिवशी फडकं फिरवता फिरवता त्यांच्या मनात आलं की त्या एकोणचाळीस मिनिटांत खारूजवळ कुणीच नव्हतं. मिस्त्री जेवायला गेलेले. बाई इथं कुणाला तरी कागदाला समास सोडायचा धडा देत होत्या. आपली पोर जीव सोडून खुर्चीत बसली होती आणि खोलीत नुसती यंत्रं घुमत होती. तेव्हा नाही बसता आलं, तर आता बसू. एवढाच विचार. त्यात वेडंवाकडं काही नव्हतं.

त्यांनी रेकॉर्डिंग चालू केलं. दोन मिनिटं लेकीची बोटं नेहमीसारखी धावली. मग एका शब्दाच्या मध्यावर थांबली. अर्धवट शब्दाच्या पुढं पांढरा चौकोन उघडमीट करत राहिला.

बाई बसून राहिल्या. आतली खोली लहान. एक टेबल, एक खारूची चाकांची खुर्ची, भिंतीला टेकवलेली घडीची खुर्ची, एक खिडकी, खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. स्वयंपाकघरातला फ्रिज मध्येच थरथरून गप्प व्हायचा. पाण्याचा पंप सुरू झाला, बंद झाला. चौकोन उघडमीट करत होता. एकेचाळीस मिनिटं भरली आणि पडदा आपोआप कोरा झाला. बाईंना आश्चर्य वाटलं, कारण छातीवरचा धोंडा थोडा हलका झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा बसल्या. तिसऱ्या दिवशीही. आजारी माणसाच्या उशाशी बसतो आपण, काही करायचं नसतं, नुसतं असायचं असतं, तशा. तीन आठवडे असे गेले.

४

सोमवारी पंचविसाव्या मिनिटाला पडद्यावर एक अक्षर आलं.

बाईंची नजर तेव्हा खिडकीकडे होती. परत फिरवली तर त्या अर्धवट शब्दाच्या खाली, नव्या ओळीत, जाळीचं चिन्ह आणि पुढं एकच अक्षर. इंग्रजी 'आय'. त्याच्यापुढं चौकोन, उघडमीट.

त्या जागच्या जागी ताठ झाल्या. मग स्वतःवरच चिडल्या. इतके दिवस लक्ष नव्हतं आपलं, आणि मुलांना पट्टी दाखवतो आपण. हात घसरून कळ दाबली गेली असेल. तिचा हात निर्जीव होऊन घसरला असणार. एवढं स्पष्ट तर आहे.

पण पस्तीस वर्षांची सवय गप्प बसू देईना. घसरलेला हात एक अक्षर उमटवत नाही. पोरं झोपेत कीबोर्डावर डोकं टेकतात तेव्हा काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं, एकाच अक्षराची ओळच्या ओळ वाहत जाते. आणि ते जाळीचं चिन्ह दोन कळा एकदम दाबल्याशिवाय येत नाही. ती कळही खारूनं सोयीसाठी वरच्या ओळीत उजव्या टोकाला बसवून घेतली होती, लांब. घसरणारं बोट तिथं पोचत नाही. तिथं बोट न्यावं लागतं.

त्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा सुरुवातीपासून लावलं नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या उठल्या, भात टाकला, आणि भात लागल्याचा वास येईपर्यंत ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

५

मंगळवारी 'आय' आलं, थोडी मोकळी जागा आली आणि 'एन' आलं. बुधवारी त्यापुढं 'के'. गुरुवारी 'ओ'.

प्रत्येक दिवशी आधीची अक्षरं त्याच ठिकाणी, त्याच संथपणे येत आणि एकाची भर पडे. दोन अक्षरांमध्ये दोन-दोन, तीन-तीन मिनिटं जात. बाई मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवत आणि वहीत वेळ टिपत. वहीत लिहिलं की गोष्ट शहाणी वाटते.

बुधवारपर्यंत त्या स्वतःला समजावत होत्या की हा पेनड्राइव्हचा दोष. आधीच्या दोनशे बारांतली अक्षरं यात सांडत असतील, भांडी घासताना एका ताटाचं खरकटं दुसऱ्याला लागतं तसं. गुरुवारी 'ओ' आलं आणि समजावणं संपलं.

खारूचे निरोप कायम इंग्रजी अक्षरांत येत. मराठी कीबोर्ड शिकवणाऱ्या बाईची पोर, आणि आईला आई लिहिते ती ए-ए-आय. यावरून दोघींची दर आठवड्याला जुंपायची. बाईंनी वहीत गुरुवारची ओळ लिहिली: आय, एन, के, ओ. मग प्रत्येक अक्षराखाली, शिकाऊ मुलांना देतात तसं, बोटाचं नाव लिहिलं. उजवं मधलं. उजवी तर्जनी. उजवं मधलं. उजवी अनामिका. सगळी उजव्या हाताची. डाव्या हाताचं एकही अक्षर नाही. 'ए' डाव्या हाताचं.

त्यांनी जिथं 'ए' असायला हवं तिथं ते भरलं. ए-ए-आय. मोकळी जागा. एन-ए-के-ओ.

आई, नको.

वहीच्या कागदावर पेन टेकलेलं होतं तिथं शाईचा ठिपका मोठा होत गेला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, ती बारीक टीं-टीं चालू होती. बाई ती ऐकत राहिल्या. ती थांबल्यावर मग घरातली शांतता फारच अंगावर आली, आणि त्यांनी मिस्त्रींना फोन लावला.

६

मिस्त्री शुक्रवारी सकाळीच आले. सोबत ऑफिसातली मूळ प्रत आणली होती. दोन्ही फायली त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या.

"दोन्ही एकच आहेत, बाई. एका अक्षराचाही फरक नाही. असता तर फायलीवरून निघणारा हा पडताळणीचा आकडा बदलला असता."

"चालवा."

त्यांनी बाईंना बाहेर बसवून, आतल्या खोलीत एकट्यानं मूळ प्रत चालवली. एकेचाळीस मिनिटांनी घाम पुसत बाहेर आले. "काही नाही. तो अर्धा शब्द आणि मोकळा पडदा."

"आता तीच माझ्यासमोर चालवा."

बाई खारूच्या खुर्चीत बसल्या, मिस्त्री मागं उभे राहिले. पंचविसाव्या मिनिटाला जाळीचं चिन्ह आलं आणि बाईंना मागून मिस्त्रींचे बूट फरशीवर घासल्याचा आवाज ऐकू आला. मग 'आय'. मग इतका वेळ काही नाही की वाटावं, झालं. मग 'एन'. के. ओ. एक मोकळी जागा. चौकोन उघडमीट करत राहिला, एकेचाळिसावं मिनिट भरलं, पडदा कोरा झाला. आज नवं अक्षर आलं नव्हतं. फक्त मोकळी जागा. पुढचा शब्द यायचा होता.

बाईंनी खुर्ची मिस्त्रींकडे वळवली.

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "तुम्ही आत गेलात तेव्हा ती कशी बसली होती?"

"बाई, कशाला आता..."

"तिचे हात कुठं होते?"

मिस्त्रींनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, परत ठेवला. "उजवा कीबोर्डावर होता," ते म्हणाले. "डावा मांडीवर पडला होता. उताणा."

"आणि अंग?"

"हं?"

"गार होतं का?"

मिस्त्री खाली बसले, तिथंच, फरशीवर, भिंतीला टेकून. पन्नाशीचा माणूस, पाय लांब करून, परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा.

"कोमट होतं," शेवटी म्हणाले. "मी कुणाला बोललो नाही. डॉक्टर म्हणाले क्षणात गेली, मी म्हटलं असेल, डॉक्टर आहेत. मी रोज वीस मिनिटांत जेवतो, बाई. त्या दिवशी एक जुना मित्र भेटला. गप्पा मारल्या. हसत होतो मी. वीस मिनिटांत परत आलो असतो तर..."

"पुरे," बाई म्हणाल्या. आवाज कठोर आला, तसा यायला नको होता. त्यांनी पाणी आणून त्यांच्या हातात दिलं. "प्या आधी."

काही कळलंसुद्धा नसेल, या वाक्याचा हात त्यांच्या हातून तेव्हाच सुटला. पोरीचं डावं अंग लुळं पडलं होतं, जीभ उचलत नव्हती, आणि उजव्या हाताची बोटं तेवढी हलत होती. कीबोर्ड होता समोर. तिनं आईला हाक मारली होती. एकोणचाळीस मिनिटं.

मग मिस्त्री एकटे बसले तेव्हा ती हाक का नाही आली?

"हे मी घेऊन जातो," उठताना मिस्त्री पेनड्राइव्हकडे बोट करून म्हणाले. "तुमच्या जिवाला बरं नाही हे."

"राहू दे."

"बाई."

"राहू दे म्हटलं ना."

७

शनिवार-रविवार क्लासला सुट्टी असे. बाई दोन्ही दिवस वही समोर घेऊन बसल्या.

आई, नको. काय नको?

लहानपणापासून खारूची बोलायची पद्धत उलटी. 'जाऊ नकोस' म्हणायच्या ऐवजी 'नको जाऊस' म्हणायची. ताप आला की उशाशी बसलेल्या आईचा पदर धरून हेच: नको जाऊस. आणि रडताना तोंड भिंतीकडे फिरवून, नको बघूस. रडताना कुणी पाहिलेलं तिला खपत नसे. परीक्षेत कमी गुण पडले तेव्हा, वडिलांचा विषय निघाला तेव्हा, एकदा एका मुलानं लग्नाला नकार दिला तेव्हा. दार लोटून घ्यायची आणि आतून म्हणायची, नको बघूस ना, आई.

बाईंनी दोन्ही शब्द वहीत लिहिले आणि डाव्या हाताची अक्षरं खोडली. 'जाऊस'मधलं उरलं जे आणि यू. 'बघूस'मधलं उरलं एच आणि यू. दोन्ही शब्द एका अक्षरानं वेगळे. जे आणि एच. कीबोर्डावर शेजारी शेजारी, दोन्ही उजव्या तर्जनीची. जे तर्जनीच्या खालीच, एच बोटभर डावीकडे.

ते अक्षर सोमवारी आलं असतं. फक्त बसायचं होतं.

पण बसायचं कसं? एकट्या मिस्त्रींसमोर काहीच आलं नाही. बाई बसल्या तरच ती अक्षरं येतात. म्हणजे मी बसते म्हणून ती तिथं परत येते, बाईंच्या मनात आलं, आणि एकदा आलेलं ते काही केल्या जाईना. मी उशाशी बसल्याचं समाधान घेते आणि तिला रोज तोच अर्धा हात घेऊन, तीच एकोणचाळीस मिनिटं, पहिल्यापासून भोगावी लागतात. चार आठवडे झाले. मी काय करतेय तिचं?

ती जर बघू नकोस म्हणत असेल, तर ते कळायला आणखी एकदा बघावं लागणार. आणि ती जर जाऊ नकोस म्हणत असेल, तर न बघणं म्हणजे तिला टाकून जाणं. दोन्हीकडून फास. रविवारी संध्याकाळी बाईंनी वही मिटली. आई आहे मी, त्यांनी ठरवलं. शंका असली तर लेकराला त्रास होणार नाही ते करायचं. त्यांनी पेनड्राइव्ह काढून डाळीच्या डब्यात ठेवला आणि संगणकाची वायर भिंतीतून उपसली.

८

सोमवारी अकरा वाजता त्या आतल्या खोलीचं दार ओढून, कडी घालून क्लासच्या खोलीत मटार सोलत बसल्या. पंधरा संगणक अंगावर खोळी घालून गप्प होते. ऊन अर्ध्या खोलीपर्यंत आलं होतं. पिशवीभर मटार म्हणजे तासाचं काम.

अकरा पंचवीसला आतून कळ वाजली.

एकच. मग मिनिटं गेली. दुसरी वाजली. बाईंच्या हातात शेंग तशीच राहिली. रेकॉर्डिंगला आवाज नव्हता कधी. मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले होते. पण ही कळ होती, खारूच्या कीबोर्डाची, जरा खोलगट वाजणारी. उजव्या हाताचा ठोका. मधलं बोट. मग अंगठा, लांब मोकळ्या जागेची कळ. तर्जनी. मधलं. अनामिका. अंगठा.

मग थांबलं.

म्हणजे मी बसले काय नि नाही बसले काय, बाईंना वाटलं. ती तिथं आहेच. रोज अकराला आहे. दोनशे बारा रेकॉर्डिंगं मी हसत बघत होते तेव्हाही, चार महिने, दाराच्या अलीकडे मी भात करत होते तेव्हाही. हे कळल्यावर भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण भीतीच्या तळाशी दुसरंच काही होतं आणि ते जास्त जड होतं.

त्या उठल्या. मटाराचे दाणे फरशीवर घरंगळले. दारापाशी जाऊन त्यांनी दाराकडे पाठ केली, मागं हात नेऊन कडी काढली आणि पाठमोऱ्या, एक एक पाऊल मागं टाकत आत शिरल्या. खोली गार होती. बाहेर ऊन, आणि इथं तळघरासारखी गार. चाचपडताना हाताला भिंतीशी ठेवलेली घडीची खुर्ची लागली. ती उघडून, तोंड भिंतीकडे करून त्या बसल्या. मागं, हातभर अंतरावर, चाकांची खुर्ची किंचित करकरली. तिच्यात कुणी वजन सावरून बसलं की करकरे तशी.

समोरच्या भिंतीवर बाईंचं जुनं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत टांगलेलं. काचेत फिकट उजेड आला होता. संगणकाची वायर भिंतीतून निघालेली होती आणि काचेत पडद्याचा उजेड होता. त्या उजेडाच्या आणि बाईंच्या मध्ये एक डोकं होतं. डाव्या खांद्याकडे कललेलं, मान न पेलणाऱ्या बाळासारखं. केस मानेवर सुटलेले. ते डोकं फार सावकाश, जणू फार लांबून, वळायला लागलं.

बाईंनी डोळे मिटले.

"बघत नाही," त्या म्हणाल्या. "जात पण नाही. बस तू."

मग काय बोलावं ते सुचेना. म्हणून त्यांनी आज सकाळच्या बॅचचं सांगायला सुरुवात केली. ती नवीन नर्स आलीय, तिचा अंगठाच चालत नाही, सगळे शब्द आगगाडीच्या डब्यांसारखे जोडलेले. मी म्हटलं अगं, माणसं श्वास घेतात मध्ये. तर म्हणते बाई, आमच्या वॉर्डात वेळ नसतो. एक निवृत्त पोस्टमास्तर येतात, त्यांना नातवाला पत्र लिहायचंय, पण 'प्रिय'च्या पुढं गाडी जात नाही. मागं कळ वाजली नाही. कुणी कान देऊन ऐकत असावं तशी शांतता होती.

मिटल्या पापण्यांमागचा उजेड केव्हातरी विझला. घड्याळात अकरा एकेचाळीस झाले होते. फरशी पुन्हा नेहमीसारखी कोमट लागली. बाई तिथं आणखी कितीतरी वेळ बसून होत्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा, लेक गेल्यापासून पहिल्यांदा, पोटभर रडल्या.

९

गुरुवारी पेनड्राइव्ह परत मागायला म्हणून मिस्त्री आले, तेव्हा बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. क्लासमध्ये कुणी नाही. आतून बाईंचं बोलणं ऐकू येत होतं. ते आत डोकावले. बाई घडीच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसल्या होत्या आणि कुण्या पोस्टमास्तरांचं पत्र अखेर दुसऱ्या ओळीवर पोचल्याचं सांगत होत्या. मागं चाकांची खुर्ची रिकामी. संगणक बंद.

मिस्त्री दारातच उभे राहिले. त्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मग वाटलं, आपल्यामुळं झाला.

"कोण, मिस्त्री?" डोळे न उघडता बाईंनी विचारलं. "चपला बाहेर काढा. गार आहे, पण बसायचं असेल तर बसा."

"किती वेळ?"

"अजून तेरा मिनिटं."

मिस्त्रींनी घड्याळ पाहिलं. मग चपला काढल्या, आत आले आणि बाईंच्या खुर्चीजवळ फरशीवर बसले. बाईंचं पाहून त्यांनीही भिंतीकडे तोंड केलं.

"मी त्या दिवशी उशीर केला," थोड्या वेळानं ते म्हणाले. बाईंना नाही, समोरच्या भिंतीला.



त्यांच्या मागं, अगदी जवळ, एक कळ वाजली. मग आणखी एक, पहिलीच्या लगेच मागं, घाई असल्यासारखी. मिस्त्रींची मान आपोआप वळायला लागली. बाईंचा हात न चाचपडता त्यांच्या खांद्यावर आला आणि तिथंच घट्ट बसला.

"बघू नका," बाई हळूच म्हणाल्या. "आणि उठूही नका."